नाताळांत वाईस

नाताळच्या सुटींत महाबळेश्वरास जावें असा मुलांचा हट्ट होता. आम्हीं वाई सुचविली. कारण गर्दीचें सांगितलें, खरें निराळें. आमच्या वडील बंधूंची दृष्टि मंदावत चालली आहे. बाळपणीं वाईच्या पाठशाळेंत त्यांनीं रूपावली घोकली. तो कृष्णेचा घाट पुनः डोळ्यांनीं पाहावा, हा त्यांचा ध्यास. पुढील नाताळचा भरंवसा डॉक्टर देत नाहींत.

पहांटे पुण्याहून निघून, खंबाटकी ओलांडून, उन्हापूर्वीं गणपतिघाट गांठावयाचा. रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार आहे. पुराचें पाणी तिच्यावर दुभंगून जातें. दुसऱ्या दिवशीं मेणवली. तेथें नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर, १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली तेव्हांची पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेली मेरी आहे. नाताळांत पाहण्यास याहून उचित वस्तु आम्हांस तरी सुचत नाहीं!

नदीकांठीं पहांटे थंडी बोचते. शाल, कानटोपी बांधून ठेविली आहे. घाटाच्या पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत. मोठ्या आजोबांचा हात धरण्याचें धाकट्या नातवानें पत्करलें आहे.