आंबटाची खूण

परवा शेजारच्या न्हाणीघरातून अ‍ॅसिडचा भपकारा आला. कुणीतरी शहाबादी फरशी ‘पांढरी’ करत होतं. बोईसरच्या रसायन कारखान्यात उभी हयात नोकरी केलेल्या माणसाला असल्या वासाचं नवल नसावं, तरी संताप आला. फेस येतो तो मळ निघतो म्हणून नव्हे. दगडच विरघळत असतो. शहाबादी, कोटा, कडप्पा सगळे चुनखडीच्या कुळातले. साबणाचं कोमट पाणी त्यांना पुरतं. पण अ‍ॅसिडची बाटली स्वस्त आणि फेस दिसायला छान!

आमच्या मासवणच्या घरात कडप्प्याचा ओटा होता. शेगडीच्या डाव्या अंगाला एक पांढुरकं कडं. चिंचेच्या कोळाचं वाडगं रात्रभर तिथं राहिलं होतं. सणासुदीला आई त्यावर खोबरेल चोळायची. दोन दिवस ओटा काळाभोर, मग कडं पुन्हा वर. वडील म्हणायचे, “नवा कडप्पा टाकू.” आई म्हणायची, “राहू द्या. वाडगं कुठं ठेवायचं ते कळतं.”

पाट्यानं मात्र जन्मभर चिंच-मिरची सोसली. तो इथलाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची, एवढंच त्याचं मागणं. ओट्याला दगड आंध्रातून आणायचा आणि आपला काळा पत्थर फोडून खडी करायची, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

दगडांची ही ओढ शाळेपासूनची. चिमाजीअप्पांनी जानेवारी १७३९मध्ये तारापूरचा किल्ला घेतला, त्यांचे सरदार बाजी भीवराव तिथं कामी आले. आम्हाला तटाखाली उभं करून गुरुजी हे सांगत होते, तेव्हा मी दगडांमधला चुना नखानं उकरत होतो. इतिहासात मार्क बेताचेच पडले.

आता ओट्याला सगळे ग्रॅनाइट घेतात. घ्यावं, लिंबू-चिंचेला ते दाद देत नाही. संगमरवराचा मोह झालाच, तर दुकानातून तुकडा मागून आणावा, त्यावर लिंबाची फोड आणि हळदीचं तेल रात्रभर ठेवावं आणि सकाळी काय ते ठरवावं.

माझी बहीण विरारला असते. सूर्या नदीचं पाणी मासवणहून पंपानं तिकडे जातं, आणि सूर्येकाठी वाढलेली ही बाई नळाची वेळ सांभाळत बादल्या भरते. ओटा ग्रॅनाइटचा आहे. तरी आमसुलाच्या वाडग्याखाली ताटली ठेवते. गरज नाही म्हटलं, तर म्हणते, “तुला काय कळतंय स्वयंपाकघरातलं?”