वही एक, पेन एक

जयसिंगपूरच्या पेठेत भांड्यांचे एक जुने दुकान आहे. तांब्या-पितळेची भांडी वजनावर, स्टीलची नगावर. आणि कीर्द आजही मालकांच्या स्वतःच्या हातची. बिले संगणकावर निघतात, जीएसटीचे काम कर सल्लागाराकडे जाते. पण रात्री दुकान वाढवण्यापूर्वी दिवसाचे जमा-नावे वहीत उतरल्याशिवाय मालकांना झोप येत नाही. या घरातील धाकटी मुलगी बी.सी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. ऐन दिवाळीच्या तोंडावर तिने कॉलेज सोडण्याचा विचार बोलून दाखवला.

विचार अगदीच अविचारी नव्हता. तिचा चुलतभाऊ पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. कॉमर्सची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचा खासगी क्लास, एवढ्या भांडवलावर तो तिथे रुजू झाला होता. दिवाळीनंतर एक जागा रिकामी होणार होती आणि त्याने बहिणीसाठी शब्द टाकला होता. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पदविका घेऊन बाहेर पडता येते. म्हणजे ‘शिक्षण अर्धवट टाकले’ असा शिक्काही बसणार नव्हता.

“अण्णा, आम्हाला वेब डेव्हलपमेंट शिकवतात ते जर्नलमध्ये हाताने लिहून घेतात,” ती म्हणाली. “जे टॅग आता कुणी वापरत नाही, त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येतात. दादा सहा महिन्यांत शिकला. आणि आता तर एआयला नुसतं सांगितलं तरी अर्ध्या तासात पान तयार होतं. मग आणखी एक वर्ष कशाला घालवायचं?”

अण्णांनी कीर्द मिटली. “दिवाळी होऊ दे,” एवढेच ते म्हणाले. व्यापाऱ्याच्या घरात अवघड प्रश्नांची तारीख नेहमी दिवाळीनंतरचीच असते.

मुलीची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. अभ्यासक्रम बदलायचा म्हणजे अभ्यास मंडळ, बैठका, मंजुरी, छपाई. तोवर या क्षेत्रातील साधने दोनदा बदललेली असतात. एके काळी फ्लॅश येणाऱ्याला वेबच्या जगात मान होता. २०२० च्या अखेरीस ते तंत्रज्ञान अधिकृतपणे बंद झाले. गुगलची अँग्युलर-जेएस ही चौकट काही वर्षे सर्वांच्या तोंडी होती; २०२१ संपताना तिचाही आधार काढून घेण्यात आला. त्याआधीच फेसबुकच्या रिअ‍ॅक्टचा बोलबाला झाला होता. अशा धावत्या बाजाराच्या मागे विद्यापीठ धावू लागले, तर ते नेहमी दोन पावले मागेच राहणार. सहा महिन्यांचा क्लास मात्र आजचे साधन आज शिकवतो. ज्या घरात दरमहा पगार येण्याची निकड आहे, तिथे तो मार्ग धरणाऱ्याला कुणी नावे ठेवू नयेत.

पण साधनांच्या या वाहत्या पाण्याखाली एक खडक आहे. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने ती सर्व जगाला विनामूल्य खुली केली. ब्राउझरने मागणी करायची, दूरच्या संगणकाने उत्तर द्यायचे, ही त्यातील मूळ रीत आजही तीच आहे. माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत कशी ठेवावी, याचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये घातला. आज एखाद्या दुकानाच्या मालाची यादी संगणकावर ठेवायची तरी बहुधा त्याच पायावर ठेवली जाते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी विद्यार्थी कीर्द-खतावणी हातानेच लिहितो. बँकांच्या शाखा मध्यवर्ती संगणकाला जोडल्या गेल्यापासून कोणताही कारकून खतावणी हाताने लिहीत नाही. तरी ‘मग नावे-जमा शिकवता कशाला?’ असे कुणी विचारत नाही. शाखेचा ताळा जुळेनासा झाला की तेच ज्ञान कामाला येते.

दुकानाची वेबसाइट मुलीनेच दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत बनवली होती. भावाने साधने सुचवली, एआयने बराचसा कोड लिहून दिला आणि तीन आठवड्यांत परात, पातेली, कळशी, घंगाळ फोटोंसह पडद्यावर दिसू लागली. अण्णांना त्याचे मोठे अप्रूप वाटले. त्या तीन आठवड्यांत दोन अडथळे मात्र आले होते.

पहिला अडथळा मराठीचा. दुकानाची छापील दरसूची गावातील प्रेसने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली होती. तिची फाइल जशीच्या तशी साइटवर टाकताच ‘तांब्या’ आणि ‘लोटी’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता उमटला. भावाला वाटले, फाइल खराब झाली. मुलीला मात्र वर्गात ऐकलेले आठवले, की संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत; युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केली आणि चार-दोन जोडाक्षरे हाताने सुधारली, की काम झाले.

दुसरा अडथळा दिसणारा नव्हता, म्हणून अधिक धोक्याचा होता. एआयने दिलेल्या कोडमध्ये वस्तूची किंमत ग्राहकाच्या ब्राउझरमधून परत येत होती आणि तीच बिलात धरली जात होती. बाराशे रुपयांच्या कळशीची किंमत स्वतःच्या संगणकावर बारा करून मागणी पाठवणाऱ्याला ती बारा रुपयांतच मिळाली असती. त्यांच्या सरांचे एक वाक्य वर्गात चेष्टेचा विषय होते : “ब्राउझर हे गिऱ्हाइकाचं घर आहे. आपला गल्ला तिथं ठेवायचा नसतो.” त्या वाक्यामुळेच तिने तो भाग पुन्हा वाचला आणि किंमत दुकानाच्या स्वतःच्या नोंदीतून घेतली जाईल अशी दुरुस्ती केली. एआयला चूक दाखवताच त्यानेही ती लगेच मान्य केली. विचारले तर सांगते. पण काय विचारायचे ते माणसाला ठाऊक असावे लागते.

हे दोन्ही प्रसंग त्या वेळी तिला किरकोळ वाटले होते. कॉलेज सोडण्याच्या विचाराशी त्यांचा काही संबंध आहे, असे तिच्या मनातही आले नाही.

धनत्रयोदशीची संध्याकाळ भांड्यांच्या दुकानाला वर्षाची कमाई देणारी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि साइटवरही मागण्या येत होत्या. तांब्याचा एक मोठा बंब शिल्लक होता, एकच. सातच्या सुमारास तो साइटवरून विकला गेला. आणि दोनदा विकला गेला. एक ग्राहक पुण्यातील, तीन पिढ्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. दुसरे मिरजेचे एक गृहस्थ. दोघांचेही पैसे जमा झाले होते, दोघांनाही ‘आपली मागणी पक्की झाली आहे’ असा संदेश गेला होता.

अण्णांनी मिरजेच्या गृहस्थांना स्वतः फोन केला, क्षमा मागितली, पैसे परत पाठवतो म्हणाले. गृहस्थ रागावले. मुहूर्तावर घ्यायची वस्तू, आता रात्री कुठे शोधणार? “आमच्या वडिलांच्या वेळेपासून ऐकतोय, तुमच्या दुकानचा शब्द म्हणजे शब्द,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. अण्णा मुलीला काहीही बोलले नाहीत. त्या रात्री कीर्द मात्र उशिरापर्यंत उघडी होती.

भावाला फोन गेला. त्याने तत्परतेने उपाय सांगितला : पैसे भरण्याच्या पानावर जाण्यापूर्वी शिल्लक आहे का, हे आणखी एकदा तपासावे. तशी ओळ घातली. मुलीने दोन फोनवरून एकदम मागणी करून पाहिली. तरीही एक वस्तू दोघांना मिळाली. दोघांनी पाहिले तेव्हा शिल्लक ‘एक’च होती, कारण पैसे येईपर्यंत ती कमीच होत नव्हती. तपासणी कितीही वेळा केली, तरी तपासणे आणि कमी करणे यांच्यामध्ये फट राहत होती.

पाडव्याच्या दुपारी तिने माळ्यावरून दुसऱ्या वर्षाचे जर्नल काढले. तिसाव्या की बत्तिसाव्या पानावर, तिच्याच अक्षरात, सरांच्या लाल बरोबरच्या खुणेसह ते उदाहरण होते : एका खात्यात हजार रुपये, दोन खिडक्यांवर दोन रोखपाल, दोघांनीही शिल्लक हजार पाहिली आणि दोघांनीही आठशे दिले. खाली व्यवहाराची, म्हणजे ट्रॅन्झॅक्शनची व्याख्या : सर्व पायऱ्या पूर्ण होतील किंवा एकही होणार नाही. त्याखाली कुलूप, म्हणजे लॉक : एका व्यवहाराने नोंदीला हात घातला की तो संपेपर्यंत दुसऱ्याने थांबावे. परीक्षेत हे उत्तर तिने पाठ करून लिहिले होते आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. बंबाचा कोड लिहिताना ते तिला एकदाही आठवले नव्हते.

इथे महाविद्यालयाचाही दोष आहे. उदाहरण शिकवले, पण ते कुठे उपयोगी पडते हे करून दाखवले नाही. प्रोजेक्ट शेवटच्या सत्रात, तोही चारचौघांत वाटून आणि पुष्कळदा तयार विकत घेऊन. पालक प्रवेशाच्या वेळी प्रयोगशाळेत किती संगणक आहेत, ते विचारतात. डेटाबेस आणि नेटवर्क शिकवणाऱ्याने स्वतः कधी काही उभे केले आहे का, आणि मुलांचे प्रोजेक्ट कुणी खरोखर वापरते का, हे विचारले तर अधिक बरे.

ती जर्नल घेऊन दुकानात आली. अण्णांनी उदाहरण वाचले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “अगं, हे आम्ही रोजच करतो. वही एक, पेन एक. मी लिहीत असताना तुझ्या काकांना लिहिता येत नाही. मालही एकदम लिहिला जातो आणि पैसेही. एक बाजू लिहून मी चहाला उठत नाही.”

“आणि चहाला उठलातच तर?”

“तर पेन घेऊन उठतो,” अण्णा हसले. धनत्रयोदशीनंतर ते पहिल्यांदाच हसले होते.

त्या रात्री तिने एआयला पुन्हा कामाला लावले. पण या वेळी काय हवे ते नेमके सांगून. शिल्लक तपासणे आणि एकाने कमी करणे ही दोन्ही कामे पैसे घेण्याआधी, एकाच अखंड व्यवहारात, ती नोंद कुलूपबंद करून. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर वस्तू आपोआप पुन्हा शिलकेत. कोड पूर्वीपेक्षा फार मोठा झाला नाही. पंधरा-वीस ओळींचा फरक. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या गादीवर ती आणि काका दोन फोन घेऊन बसले. अण्णांनी तीन म्हणताच दोघांनी एकदम बटण दाबले. काकांच्या पडद्यावर मागणी पक्की झाली. तिच्या पडद्यावर ‘क्षमस्व, माल संपला’ असे उमटले. अण्णांनी हे चार वेळा करायला लावले.

नोकरीचा निर्णय बाकी होता. कंपन्यांच्या अटींत अनेकदा पदवी असते, पुढे एम.सी.ए. करायचे तर पदवी लागतेच, ही कारणे आईने दिली आणि ती खरीही होती. मुलीचे मन मात्र त्या कारणांनी वळलेले नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या जर्नलची उरलेली पाने ती रात्री उशिरापर्यंत चाळत होती आणि अधूनमधून पेन्सिलीने खुणा करत होती. तिसऱ्या वर्षाची नेटवर्क सुरक्षेची पुस्तके अजून कोरीच होती.

भाऊबीजेला चुलतभाऊ जयसिंगपूरला आला. ओवाळणी झाल्यावर तिने सांगितले, की जूनपर्यंत थांबते. जागा राहिली तर राहिली. तो नाराज होईल अशी तिची अटकळ होती. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की त्यांच्या कंपनीतही एका नाटकाच्या तिकिटांच्या बाबतीत महिन्यापूर्वी अगदी हेच झाले होते, आणि त्यांनी तीन वेळा फक्त तपासणीच वाढवली होती.

“ते जर्नल देशील का मला आठवडाभर?” त्याने विचारले.

“नेऊ नकोस, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे,” ती म्हणाली. “फोटो काढ.”

ताटातले निरांजन बाजूला सरकवून तो पानांचे फोटो काढू लागला.