सातबारा नसलेलं कूळ

माझा बाप कूळ होता. बदलापूरच्या शिवारात जमीन सावकाराची, घाम आमचा. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला, कसणारा तो मालक ठरला, आणि पुढं बापाचं नाव सातबाऱ्याला लागलं. म्हणून मालक बदलला असं कुणी बोललं की माझे कान टवकारतात. मग ती जमीन असो, नाहीतर फुटबॉलचा क्लब.

फुटबॉलचं येड मला भेंडीपायी लागलं. पहाटे माल घेऊन उल्हासनगरला कॅम्पात जायचो, परतताना अंबरनाथला उतरून फॅक्टरी कामगारांच्या पोरांचा खेळ बघायचो. बदलापूरची पोरं तिथं हरली की दुसऱ्या दिवशी कॅम्पातला सिंधी दुकानदारसुद्धा हसून भाव पाडायचा. हरल्याचं दुःख आठ आणे किलो!

मग कूपरेजला जायला लागलो, महिंद्र युनायटेडसाठी. २००६ साली त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० ला कंपनीनं संघच बंद केला. आम्हाला कोण विचारतो?

२०१४ ला मुंबई सिटी आली. माझा साडू चिंचवडचा, तो लगेच पुणे सिटीचा झाला. १८ ऑक्टोबरला दोघं नेरूळला गेलो. मुंबईनं पाच गोल घातले, मोरित्झचे एकट्याचे तीन, पुण्याचा एकही नाही. ठाण्यापर्यंत साडू माझ्याशी बोलला नाही. पुढं पाच वर्षं आमच्या घरात लग्न असो की बारसं, पहिला विषय हाच. बायका वैतागायच्या.

२०१९ ला दोन गोष्टी झाल्या. पुण्याचा क्लब मिटला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. आणि नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हंजे सिटी फुटबॉल ग्रुपनं, आमच्या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मी नाक मुरडलं होतं. पण खोटं कशाला बोलू, २०२१ ला लीगही जिंकली आणि कपही. मोहन बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला, तेव्हा मी ओटीवर नाचलो. साडूला फोन लावला, तर तो नुसता "अभिनंदन" म्हणाला. चिडवायला समोर माणूसच उरला नव्हता. जिंकण्याची निम्मी चव तिथंच गेली.

डिसेंबर २०२५ ला ते परदेशी मालक हिस्सा सोडून गेले. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडं. नातवानं मोबाईलवर वाचून दाखवलं. कुळाला निदान कायदा होता. अंधेरीला तिकीट काढून, शेवटची बदलापूर लोकल धरून घरी येणाऱ्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर लागतं?

रात्री साडूचा फोन. वाटलं, आता सहा वर्षांचं उसनं फेडणार.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमचा क्लब ऱ्हाईल ना?"

"बघू," मी म्हटलं.

थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यानं वाल कितपत उगवलाय ते विचारलं.