आठवी पिन

मुरुडच्या घरी माळ्यावर दोन मोडेम सापडले, आणि तीन दिवस झाले, मी समुद्रावर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही!

एक काकांचा. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर मुंबईत घेतलेला. वेग सेकंदाला 14,400 बिट. दुसरा कुणाचा, कुणालाच आठवत नाही. ओटीवर दोन जुने संगणक मांडले आणि टेलिफोनच्या वायरीनं मोडेम एकमेकांना जोडले. एकाला हुकूम सोडला, डायलटोनची वाट बघू नकोस. दुसऱ्याला 'एटीए', म्हणजे उचल. आणि मग ती शीळ, ती खरखर... लागला!

लगेच काकांच्या वाडीच्या हिशोबाची फाइल पाठवली. पलीकडे बघतो तर नारळाच्या हिशोबातून एकदम सुपारीत! मधल्या ओळीच गायब. मी टेलिफोनची वायर बदलून पाहिली, पण तिचा दोषच नव्हता. दोन मोडेम आपसांत चुका तपासून दुरुस्त करून घेतात. अक्षरं सांडत होती ती संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर केबलपाशी! संगणक 57,600 च्या वेगानं ओततोय आणि मोडेमला, दाबून भरलं तरी, तेवढं पुढे लोटता येत नाही. त्याची साठवण भरली की पुढचं सगळं वाया.

"अरे, आळं भरलं की वाडीत आपण काय करतो?" काका म्हणाले.

हाक मारतो, पाणी थांबव! आणि खरंच, या केबलमध्ये त्या हाकेसाठी वेगळी तार आहे. संगणकाच्या मागच्या नऊ पिनांतली आठवी, सीटीएस. मोडेम भरत आला की ती पाडतो आणि संगणक तिथल्या तिथे थांबतो. सातवी, आरटीएस, उलट बाजूची: संगणकाला दम लागला तर मोडेम थांबतो. मोडेमला 'एटी अँड के थ्री' हा हुकूम दिला, म्हणजे या तारा वापर, संगणकावर त्यासाठीच हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू केला, तीच फाइल पुन्हा सोडली. मोडेमवरचा 'सीएस' दिवा लुकलुकू लागला. विझला, थांब. पेटला, येऊ दे. विझला. पेटला. डोळ्यांदेखत बोलणं चाललेलं! फाइल तपासली, एकही अक्षर कमी नाही.

वेगळ्या तारेशिवायही ही हाक देता येते: 19 क्रमांकाचं अक्षर म्हणजे थांब, 17 म्हणजे चालू. पण फोटोच्या फाइलीत 19 आपसूक येतोच, आणि सगळं विनाकारण अडून बसतं. मला विचाराल तर तारच उत्तम.

आणि हे संपलेलं नाही! आज लिनक्सच्या टर्मिनलवर कंट्रोल-एस दाबा, अक्षरं जागच्या जागी थबकतात. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतात. तेच 19, तेच 17!

तुमच्या माळ्यावर दिवेवाला मोडेम असेल तर भंगारात देऊ नका. आणि जोडाल तेव्हा केबलमध्ये सगळ्या तारा आहेत ना, ते आधी बघा. तीन तारांच्या केबलमध्ये आठवी पिन मुकीच राहते.