आबांची बाहुली

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यावर हिरवी पट्टी आहे. हिंगोलीहून सेनगावला येताना गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "एवढा येळ का लागला रं?"

मोतीबिंदू बाहुलीच्या मागे असतो. थेंबांनी बाहुली मोठी झाली की तेवढ्याच वाटेनं गढूळ भिंग काढायचं आणि नवं बसवायचं. आबांची बाहुली नीट उघडलीच नाही, त्यात मधेच आकसली. तिच्याभोवतीचा रंगीत पडदा सैल पडून लाटेसारखा हलत होता. शेवटी बारीक हुकांनी तिला ताणून धरावं लागलं.

कारण घरातच होतं. लघवीसाठी आबा तीन वर्षांपासून टॅमसुलोसिन घेतात. ही गोळी प्रोस्टेटचा स्नायू सैल करते, तसाच बाहुली उघडणाराही. अमेरिकेतल्या चँग आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी 2005 मध्ये हा संबंध दाखवला. गोळी आधी बंद करूनही भरवसा नाही, कधी कधी परिणाम वर्षांनंतरही दिसतो. पण आधी कळलं, तर डॉक्टर तयारीत राहतात. आबांच्या डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या तेव्हा मी फक्त बीपीची सांगितली. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटलं. ही चूक माझी, आणि ती मला फार लागली आहे.

पडद्याची ओढाताण झाली की सूज जास्त येते, नजर उशिरा निवळते. म्हणून थेंब जास्त दिवस, तपासणी लवकर. हळद काढणीला आलीय, आबांना शेताची घाई. मी धुळीत जाऊ देणार नाही.

उजवा डोळा अजून बाकी आहे. फाईलच्या पहिल्या पानावर गोळीचं नाव मी लाल शाईनं लिहून ठेवलंय.