फिल्मचे डबे घेऊन हिंडलेला माणूस

ऑस्कर म्हटलं की सिनेमावाल्यांना ती सोनेरी बाहुली आठवते. मी लिहितोय तो ऑस्कर वेगळा. ऑस्कर मिशो. काळा माणूस. आपल्याकडं काळ्यांविषयी बोलायचं म्हंजे पँथरपासून सुरुवात होते. बरोबरच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नावच तिकडून उचललं. त्याच्याही आधी, १८७३ ला, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. पण ह्या दोन सालांच्या मधी तिकडं एक काळा माणूस स्वतः गोष्ट लिहीत होता, स्वतः पैसा उभा करत होता, स्वतः पिक्चर काढत होता आणि स्वतःच डबे घेऊन गावोगाव विकत होता, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

जन्म १८८४ चा, इलिनॉय राज्यातला. बाप केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेला. पोरगा शिकागोला गेला, बूट पुसले, मग रेल्वेच्या पुलमन डब्यात नोकर झाला. गोऱ्यांची अंथरुणं घालायची, सामान उचलायचं, बक्षिशी घ्यायची आणि कान उघडे ठेवायचे. त्या पैशातून त्यानं साउथ डाकोटात जमीन घेतली. (ही जमीन मुळात सू आदिवासींच्या राखीव मुलखातली. सरकारनं मोकळी करून बाहेरच्यांना दिलेली. गुलामाच्या पोराला जमीन मिळाली तीही दुसऱ्याच्या पायाखालची, हे पण लिहून ठेवलं पाहिजे.) पुढं दुष्काळ पडला, लग्न मोडलं, जमीन गेली. १९१३ ला त्यानं आपल्याच जगण्यावर पुस्तक लिहिलं, पदरच्या जोरावर छापलं आणि दारोदार विकलं.

१९१७ ला 'द होमस्टेडर' ही कादंबरी आली. लिंकन नावाच्या फिल्म कंपनीनं तिच्यावर पिक्चर काढू म्हणून विचारलं. कंपनी काळ्यांचीच. मिशो म्हणाला, दिग्दर्शन मी करणार. त्याला कॅमेऱ्याचा गंध नव्हता. बोलणी फिसकटली. मग त्यानं स्वतःची कंपनी काढली. ज्या गोऱ्या शेतकऱ्यांना पुस्तकं विकली होती त्यांनाच शेअर विकले. १९१९ मधे शिकागोत पिक्चर लागला. अमेरिकेतल्या काळ्या माणसानं काढलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही.

मी स्वतः मालिकांचे संवाद लिहून पोट भरतो. एका निर्मात्याला माझी गोष्ट पसंत पडली होती. माझा बाप ऊसतोडीला जायचा, त्याची. निर्माता म्हणाला, "झकास आहे हो. फक्त ते वस्तीचं काढा. बापाला साधा शेतकरी करा, म्हंजे सगळ्यांना आपला वाटंल." मी कागद काखेत मारले आणि जिना उतरलो. कागद अजून ट्रंकेत आहेत. म्हणून मिशोचं ते 'मीच करणार' मला नुस्ता ताठा वाटत नाही.

त्याचा धंदा कसा चालायचा ते ऐका. नव्या पिक्चरची कहाणी आणि फोटो घेऊन तो थेटरमालकांच्या दारात उभा राहायचा आणि आगाऊ पैसे काढायचा. त्यात फिल्म व्हायची. घरं ओळखीपाळखीच्यांची. रीटेक परवडायचा नाही. नट चुकला तर चूक तशीच पडद्यावर. दक्षिणेत काळ्यांची थेटरं वेगळी, नाहीतर गोऱ्यांच्या थेटरात मध्यरात्रीचा खेळ. असे चाळीसच्या वर पिक्चर त्यानं काढले. १९२५ च्या 'बॉडी अँड सोल'मधे पॉल रोबसनला पहिल्यांदा पडद्यावर आणलं, तेही गावाला लुबाडणाऱ्या भोंदू पाद्र्याच्या भूमिकेत. म्हंजे आपल्याच लोकांचं उणं दाखवायला भ्याला नाही. १९२८ ला दिवाळं निघालं. १९३१ ला परत उभा, बोलपट घेऊन.

सगळंच चांगलं होतं असं नाही. त्याचे नायक-नायिका बहुतेक उजळ रंगाचे. १९३८ च्या 'गॉड्स स्टेप चिल्ड्रन'वर काळ्यांनीच निदर्शनं केली, पिक्चर उतरवावा लागला. मला ती निदर्शनं रास्त वाटतात. गोरेपणाचा तो किडा आपल्यातही आहे, लग्नाच्या जाहिराती बघा.

१९४८ चा शेवटचा पिक्चर साफ पडला. १९५१ ला शार्लट शहरात, विक्रीच्या फेरीवर असताना तो मेला. हॉलीवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला १९८७ ला.

त्याचा 'विदिन अवर गेट्स' मात्र वाचला. १९२० चा. पाच वर्षांपूर्वी 'बर्थ ऑफ अ नेशन'नं काळ्यांना जनावर करून दाखवलं होतं, त्याला हे उत्तर मानतात. आदल्याच उन्हाळ्यात शिकागोच्या दंगलीत ३८ माणसं मेली होती, म्हणून सेन्सॉर आणि शहरातले शहाणे दोघंही बिचकले. पुढं प्रतच हरवली. सापडली ती स्पेनमधे, स्पॅनिश नावानं. १९९३ ला ती दुरुस्त झाली. मधल्या पाट्यांतले त्याचे बहुतेक शब्द गेलेले, स्पॅनिशवरून परत इंग्रजीत आणलेले.

गोष्ट अशी. जास्पर लँड्री हा वाट्यानं शेती करणारा काळा. पोरगी शिकलेली, तिनं बापाचा हिशेब मांडून दिलाय. तो घेऊन जास्पर मालकाकडं जातो. मालक भडकतो. तेवढ्यात मालकानं नाडलेला एक गरीब गोरा खिडकीतून गोळी घालतो. नाव जास्परवर. झुंड नवरा-बायकोला फासावर टांगते. आणि मालकाचा चमचा एफ्रेम, ज्यानं चुगली केली, त्यालाही गोरे सोडत नाहीत.

आमच्या घरचा हिशेब मी सातवीत असताना मांडायचो. कोयत्याची उचल, टनाचा भाव, खाडे. बाप वही घेऊन मुकादमाकडं गेला तर मुकादमाच्या वहीत दरसाल आकडा निराळाच. फिटली म्हणून आलो असं बाप एकदाही म्हणाला नाही.

ही फिल्म मी आईला मोबाइलवर दाखवली. मूकपट, त्यामुळं पाट्या मी मराठीत सांगत होतो. जास्पर कागद घेऊन मालकापुढं उभा राहिला तशी आईनं मोबाइल हातात घेतला, डोळ्याजवळ नेला.

"ह्याची उचल किती व्हती रं?" म्हणाली.