एका डिस्कची वाटणी

आमच्या घरांत 'वाटणी' हा शब्द सहसा उच्चारला जात नाहीं. वडील बंधु, आम्ही, दोघांच्या संसारांतील माणसें आणि वडिलांच्या मागें राहिलेलीं कपाटें असें सारें अजून एकाच छपराखालीं नांदत आहे. आणि जेथें सुरळीत चाललें आहे तेथें हा शब्द काढूंच नये असा आमच्या वहिनींचा दंडक आहे. परंतु २०२५ सालच्या दिवाळीनंतर तो आमच्याच तोंडून निघाला, आणि तोहि कोणा भाऊबंदाविषयीं नव्हे, तर माजघरांतील टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपविषयीं.

हें यंत्र २०११ सालचें. त्यावर मूळ विंडोज ७ होतें, पुढें विंडोज १० आलें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची देखभाल बंद झाली, आणि विंडोज ११ घेण्याची या यंत्राची पात्रता नाहीं. धडधाकट वस्तु भंगारांत घालणें सर्वांच्याच जिवावर येत होतें. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, आपण लिनक्स घालूं." अडचण एकच होती. दादांनीं गेलीं आठ वर्षें आजोबांच्या मोडी दप्तराचें बाळबोध लिपींत लेखन चालविलें आहे, आणि तें ज्या जुन्या टंकांत टंकलें आहे ते विंडोजवरच नीट चालतात. म्हणून विंडोजला हलवावयाचें नाहीं, लिनक्सनें शेजारीं बिऱ्हाड करावयाचें, असें ठरलें.

दादांचें सारें लेखन आम्हीं प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरविलें, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून चार फाईली प्रत्यक्ष वाचून पाहिल्या. नक्कल झाली म्हणजे ती उघडतेच असें नाहीं, हें आम्ही पूर्वीं एकदां रडून शिकलों आहों.

पहिला पेंच जागेचा. ५०० जीबींची ही डिस्क विंडोजमध्यें ४६५ दिसते, कारण कारखानदार १००० च्या पटीनें मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. तींतील निम्म्याहून अधिक जागा रिकामी होती. तरीहि 'सी' लहान करावयास गेलों तों विंडोज अवघे नऊ जीबी सोडावयास तयार! हायबर्नेशनची फाईल, पेज फाईल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी या न हलणाऱ्या मंडळींनीं मध्यभागींच ठाण मांडलें होतें. त्या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून यंत्र पुन्हां सुरू केलें, तेव्हां १२० जीबी पदरांत पडले. हायबर्नेशन मात्र आम्हीं मागाहूनहि चालू केलें नाहीं. अर्धवट झोंपलेल्या विंडोजच्या खोलींत लिनक्सनें सामान हलविलें तर जागें झाल्यावर घोटाळा होतो.

येथवर आम्ही खुशींत होतों. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, आणि त्या १२० जीबींपुढें शेरा आला, 'निरुपयोगी'. रिकामी जागा निरुपयोगी कशी, हें कोडें दोन रात्री सुटेना. आमच्या लहानपणीं पार्टिशन म्हणजे पाहुणे आले कीं माजघरांत उभी करावयाची लांकडी आडभिंत. ती घालावयास शेरा लागत नसे.

तिसऱ्या दिवशीं पुतण्यानें युक्ति काढली. विंडोजमधूनच त्या जागेंत नवें पार्टिशन करून ठेवावें, म्हणजे लिनक्सला तें दिसेल. त्यानें तसें करावयास घेतलें तों पडद्यावर एक इशारा उमटला. त्याचें बोट 'होय'कडे गेलेंच होतें, इतक्यांत मागें उभे असलेले दादा म्हणाले, "थांब रे. सही करण्यापूर्वीं दस्तऐवज वाचावा." त्यांनीं चष्मा लावून एकेक शब्द वाचला. डिस्क 'डायनॅमिक' होईल, आणि मग चालू प्रणालीखेरीज दुसरी कोणतीहि प्रणाली तीवरून सुरू करतां येणार नाहीं! शिवाय ती विंडोजच्या सोयीनें पुन्हां पूर्ववत् करावयाची तर सारे विभाग पुसावे लागतात. पुतण्यानें हात मागें घेतला तो बराच वेळ पुढें केला नाहीं.

कोडें सुटलें तें या इशाऱ्यामुळेंच. जुन्या पद्धतीच्या डिस्कचें वाटणीपत्र तिच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत असतें. त्यांतील ४४६ बाइट यंत्राला उठविणाऱ्या आज्ञांचे, शेवटचे २ खुणेचे, आणि उरलेल्या ६४ मध्यें प्रत्येकी १६ बाइटांच्या नोंदी चारच. १९८३ सालीं डॉस २.० च्या वेळची ही तजवीज; तेव्हां चार पुष्कळ वाटल्या असतील. आमच्या डिस्कवर त्या चारहि भरलेल्या होत्या. आरंभींचा लहानसा सिस्टिम विभाग, मग 'सी', मग कारखानदाराचा रिकव्हरी विभाग, आणि शेवटीं त्याच्याच तपासणीच्या अवजारांचा सुमारें १०० एमबींचा कोपरा. जमीन होती, पण उताऱ्यावर पांचवें नांव लिहावयास ओळ नव्हती. घेणाऱ्याला न विचारतां चारी ओळी भरून टाकण्याचा हा उद्योग आम्हांस अजून पटलेला नाहीं.

उपाय एवढाच कीं, एक ओळ मोकळी करून तेथें 'एक्स्टेंडेड' पार्टिशन लिहावें. त्याच्या पोटांत मग हवीं तेवढीं 'लॉजिकल' पार्टिशनें मावतात. पण बळी कोणाचा द्यावा? पुतण्याच्या मतें रिकव्हरीचा, कारण तींत विंडोज ७ च उरलेलें. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, जुना असला तरी मूळ कागद घरांत असावा." अखेर अवजारांच्या कोपऱ्यावर एकमत झालें. त्यांतील मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन तो पुसला. त्याची जागा आम्हांस नकोच होती, हवी होती ती ओळ.

पुढचें काम तासाभराचें. १२० जीबींवर एक्स्टेंडेड, आंत मूळ प्रणालीस ३० जीबी, स्वॅपला ४, बाकी सारें होमला. लिनक्स त्यांना ५, ६ आणि ७ असे क्रमांक देतें. ४ हा बाहेरच्या आवरणाचा. स्थापनेंत आपोआप वाटणीचा पर्याय सोडून हातानें करण्याचा घेतला, नवीं तीन सोडून कशावरहि 'फॉरमॅट'ची खूण नाहीं हें दोघांनीं दोनदां पाहिलें, आणि बूटलोडर एसडीए या आंतल्या डिस्कवर घातला. एसडीए कोणती आणि पेनड्राइव्ह कोणता, हें नांवावरून न ठरवितां आकारावरून ठरविलें.

२०१२ सालीं विंडोज ८ आलें. तें घेऊनच बाजारांत आलेल्या व पुढच्या यंत्रांत बहुधा जीपीटी पद्धत असते. तींत साधारणतः १२८ नोंदींची सोय असल्यामुळें हा पेंच पडत नाहीं. तेथें काळजी निराळी. बिटलॉकरचें कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीं कागदावर उतरवून कपाटांत ठेवावी, मगच डिस्कला हात लावावा.

यंत्र पुन्हां सुरू झालें, आणि पडद्यावर दोन्ही नांवें एकाखालीं एक आलीं. दादांनीं विंडोज उघडून दप्तराची पहिली फाईल काढली व आजोबांच्या जमाखर्चाची पहिली ओळ मोठ्यानें वाचली. कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग दादाच म्हणाले, "सारें ठीक आहे, पण हें यंत्र दुपारचे दोन चाळीस कसें म्हणतें?" भिंतीवर रात्रीचे आठ दहा झाले होते. बरोबर साडेपांच तासांचा फरक! लिनक्सनें यंत्रांतील घड्याळांत जागतिक प्रमाणवेळ लिहिली होती, आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजत होतें. लिनक्सला एक आज्ञा देऊन घड्याळांत स्थानिक वेळ ठेवावयास लावलें, विंडोजमध्यें कांटे जुळविले, आणि तेव्हां कोठें वहिनींनीं पानें घेतलीं.